अक्का तुझ्या हातून मेली नव्हती

विलास, अक्का मी मारली.

एवढं एकच वाक्य. तू होतास तोवर ते तुझ्यासमोर बोलायला मला जमलं नाही. बोललो असतो तर तू बहुधा "बरं मग?" म्हणाला असतास आणि विषय केळीच्या बागेवर नेला असतास. तरी बोलायला हवं होतं. मी भ्यालो. माझ्या या चुकीला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही, आणि आता ती लपवायचीही नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या वाचण्यात आलं तर त्यांना वाटेल, अक्का म्हणजे कुणी माणूस. ती कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अंगठ्याएवढी म्हातारी होती. पाठीत वाकलेली, डोक्यावर पदरासारखं काहीतरी, आणि तळहातात आग. एका खेळातलं पात्र. तिला अक्का हे नाव तू दिलंस. त्या म्हातारीपायी तुला जन्मभर एक खोटं नाव चिकटलं आणि ते चिकटवलं मी.

तू गेलास त्या सकाळी राजूने आपल्या ग्रुपवर लिहिलं, "आपला फ्लॉपी गेला रे." खाली एकामागून एक जोडलेले हात. "फ्लॉपी, असा कसा गेलास." "फ्लॉपीला भावपूर्ण श्रद्धांजली." कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळे रडत होते, हे मला माहीत आहे, कारण राजूने फोन केला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. पण त्या साऱ्या निरोपांत विलास हे नाव एकदाही नव्हतं. मी फोन पालथा घातला.

आपला तो क्लास आठवतो? ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानाच्या वरचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जळगावात जो तो पोरांना कॉम्प्युटर शिकवायला निघाला होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसून आत यायचं. देवाला वस्त्रं घालावीत तशी सरांनी प्रत्येक मशीनला खोळ शिवून घेतलेली. मी धुळ्याचा, प्रॅक्टिकल घ्यायला तिथे लागलेलो, म्हणून किल्ली माझ्याकडे. तू रावेरकडच्या खेड्यातला, भुसावळला गाडी बदलून आलेला, शिकायला खोली घेऊन राहिलेला. राजू नशिराबादचा आणि हेमंत चोपड्याचा. रविवारी सर यायचे नाहीत. आपण चौघं खिडक्या लावून, कूलरमध्ये पाणी ओतून बसायचो.

खेळ हेमंतच्या मामेभावाने सुरतेहून आणला होता. त्याचं इंग्रजी नाव आपल्यापैकी एकालाही धड म्हणता येत नव्हतं, म्हणून त्याला आपण 'डोंगर' म्हणायला लागलो. राखेने भरलेला एक डोंगर, माथ्यावरची आग विझलेली, आणि खालून चढत जाऊन ती पुन्हा पेटवायची. वाटेत अंधारातून काय काय अंगावर यायचं. सुरुवातीला आपला गडी निवडायचा: कुऱ्हाडवाला, शिकारी, नाहीतर ती म्हातारी. चढताना त्याचं बळ वाढायचं, गळ्यात माळा यायच्या, हातात नवी हत्यारं यायची. एकाच मशीनवर तो चालायचा. एक जण खेळायचा आणि बाकीचे तिघे तोंडाने खेळायचे.

आणि वाद किती! राजू म्हणायचा, "यात काय हाये? दाबा, मारा, उचला, पुढं चला. याच्यापेक्षा म्हशी हाकणं बरं." आणि खुर्चीवरून उठायचा नाही. हेमंत वाटेतला प्रत्येक दगड वाचायचा. मांडीवर शब्दकोश. "थांबा रे, गोष्ट आहे याच्यात. हा राजा स्वतःच्या भावाला—" तेवढ्यात मागून काहीतरी यायचं आणि हेमंतचा शिकारी संपायचा. "वाच आता तिकडं, यमाच्या दारावर काय लिहिलं हाये ते," राजू म्हणायचा.

मी कुऱ्हाडवाला. पहिल्या दिवसापासून आजतागायत. आणि तू ती म्हातारी उचललीस, जिला कुणी हात लावत नव्हतं.

"चुलीपुढची म्हातारी कशाला घेतोस?" मी विचारलं होतं.

"कुऱ्हाडवाल्याले डोकं लागत नाही, धुळेकर. घुसते न मारते. अक्काले लांबून पाहावं लागते. वारा कुठून येऊन राह्यला ते पाहावं लागते."

वाऱ्याचं खरं होतं. त्या डोंगरावर वारं सुटलं की तिची आग उलटून तिच्याच अंगावर यायची. ते आम्हाला पुस्तिकेत वाचून कळलं. तुला न वाचता कळलं, कारण तू केळीवाल्याच्या घरातला. वाऱ्याकडे दुर्लक्ष करायची सवय तुमच्याकडे कुणालाच नसते.

"एक धक्का लागला की आडवी होते ती," मी म्हणालो.

"म्हनून तर मज्या हाये."

पण आपला खरा वाद कुऱ्हाड की आग हा नव्हता. तो तू घेतलेल्या वाटेचा होता. खेळात सोय होती, जागोजागी सेव्ह करायचं, मेलं की मागच्या जागेवरून पुन्हा उठायचं. सगळे तसंच खेळायचे. पण सुरुवातीलाच एक दुसरी वाटही निवडता यायची. त्या वाटेवर मेलं की संपलं. खेळ त्या गड्याला स्वतःच पुसून टाकायचा. यादीतलं नावसुद्धा जायचं. आपण तिला एकजीवी म्हणायचो. अक्का एकजीवी होती.

मी म्हणायचो, हा शुद्ध आडमुठेपणा आहे. चुकलं तर परत फिरता येतं, म्हणून तर माणूस अंधारात पाऊल टाकतो. परतीची सोय माणसाला धीट करते.

"धीट नाही, बेफिकीर," तू म्हणायचास. "तू मेला तरी जांभई देतो, म्या पाहेल हाये. केळ एकदाच निसवते, धुळेकर. घड दिला का खोड कापतात. बुडाशी पील येते, ते वाढवा. पन ते पील म्हंजे तेच केळ नाही."

"हा खेळ आहे, केळ नाही."

"मंग खेळासारखा खेळ ना. हरायची तयारी ठेव."

एकदा नाना तुला भेटायला क्लासवर आले होते. टोपी हातात घेऊन दारातच उभे. आम्ही घाबरलो, आता बाप रागावणार. नाना पडद्याकडे बघत राहिले. "हे कोन म्हातारी?" "अक्का हाये, नाना." "डोंगरावर कायले जाते हे, या वयात?" "वरची आग विझली हाये. पेटवाले." नानांनी जरा विचार केला. "मंग जाऊ दे तिले," म्हणाले, आणि पिशवीतून घरची केळी काढून आम्हाला दिली. आमच्यापैकी कुणीच त्या खेळाचं इतकं चांगलं परीक्षण केलं नव्हतं.

त्या जूनमध्ये तुमच्याकडे वादळ झालं. घडांनी लदलेल्या बागा आडव्या झाल्या. क्लासच्या फोनवर निरोप आला आणि तू उभ्या उभ्या निघालास. दारात चपला घालताना मागे वळून म्हणालास, "अक्काले हात लावू नको रे."

"मला काय करायची तुझी म्हातारी?" मी म्हणालो.

पुढच्या रविवारी दुपारी मी एकटाच होतो. राजू-हेमंत गावी गेलेले. मी आधी माझा कुऱ्हाडवाला काढला आणि कंटाळलो. खरं सांगायचं तर मला अक्काच हवी होती. आमचे सगळे गडी खालच्या जंगलात मरत-उठत घोळत होते आणि ती एका दमात दोरांच्या पुलापर्यंत पोचली होती. पुलापलीकडे काय आहे ते आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. मला ते तुझ्याआधी पाहायचं होतं. फक्त पाहीन, परत आणून ठेवीन, असं मी स्वतःला सांगितलं. हलक्या मनाची माणसं असंच सांगतात.

बरंच अंतर मी तिला नीट नेलं. तुझ्यासारखं थांबत, वारा बघत. मग पुलावर समोरून ती काळी जनावरं आली आणि माझा हात सवयीने पुढे गेला. कुऱ्हाडवाला असा पुढे घुसतो तेव्हा तो वाचतो. अक्काला मागे सरायचं असतं, तिचं सगळं शहाणपण मागे सरण्यात असतं. हे मी तुझ्या खांद्यावरून शंभरदा पाहिलं होतं. पण हात माझा होता. ती कोसळली. पडद्यावर एक दगड आला, त्याच्यावर तिचं नाव, आणि मग यादी. यादीत तिची जागा रिकामी.

मी यादी दोनदा वर-खाली केली.

माझ्याकडे तिची प्रत होती. दर शनिवारी मुलांची कामं फ्लॉपीवर उतरवून ठेवायचं काम माझं होतं, आणि तुला न सांगता मी अक्कालाही उतरवून ठेवायचो. कुठलीही गोष्ट जगात एकच असली की मला धास्ती वाटते. त्या फ्लॉपीवरून मी तिला परत ठेवलं. यादीत नाव आलं. मी मशीनवर खोळ घातली, कुलूप लावलं आणि मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. का, ते माहीत नाही.

तू परत आलास तेव्हा तुझे हात केळीच्या चिकाने काळे पडले होते. चेहरा उतरलेला. खुर्चीवर बसलास, अक्काला उघडलंस, आणि थोड्या वेळाने म्हणालास, "हिच्या गळ्यात हिरवी माळ होती ना रे? मांगच्या वेळेस सापडली होती."

ती माळ तुला जाण्याआधीच्या रविवारी मिळाली होती आणि मधल्या शनिवारी प्रत उतरवायची माझ्याकडून राहिली होती. माझ्या प्रतीत ती नव्हती.

"ती तू विकलीस की," मी म्हणालो. "डोक्यात वादळ आहे तुझ्या अजून."

"असंन," तू म्हणालास. आणि खेळायला लागलास. विलास, मारलं ते एकवेळ चुकून. हे मात्र मी तुझ्या तोंडावर, तुझे ते हात बघत बोललो.

थंडीत तू डोंगर चढलास. माथ्यावर आग पेटली तेव्हा राजू खुर्चीवर उभा राहून नाचला. हेमंत शेवटचा मजकूर शब्द शोधत शोधत वाचत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. तू हात मांडीवर ठेवून म्हणालास, "अक्का, बस आता. टेक जराशी." टाळ्या मीही वाजवल्या.

त्याबद्दल राजूने नशिराबादला शेतात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडग्याने कुटली, केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. शेजारच्या मळ्यातली माणसंही पंगतीला. राजू त्यांना सांगत होता, "हा विलास पाहा. एका जिवावर आख्खा डोंगर चढला. पुऱ्या जिल्ह्यात असा गडी नाही." त्या माणसांना काहीएक कळत नव्हतं, पण ती तुझ्याकडे आदराने बघत होती.

मग वाद निघाला. नेहमीचाच. मी म्हणालो, परत फिरण्यात पाप काय आहे? आणि तू, तोंडात घास असताना, हसत म्हणालास, "हा धुळेकर मरते न परत फिरते, मरते न परत फिरते. याचा कुऱ्हाडवाला डोंगर चढला नाही, लोळत लोळत वर गेला."

सगळे हसले. मळ्यातली माणसंही हसली. यात लागण्यासारखं काही नव्हतं. पण मला लागलं, कारण माझं मन आधीच दुखरं होतं. रागावलो की माझी बोली बदलते, तोंडात घरची अहिराणी येते. मी पान सारून उठलो आणि ओरडलो, "तुनी अक्का मरेल शे! मी तिले फ्लॉपीवरतून उठाडी!"

तुझी अक्का मेलेली आहे, मी तिला फ्लॉपीवरून उठवली. शब्द न् शब्द खरा होता. फक्त कुणी मारली, ते मी सांगितलं नाही. आणि न सांगितल्यामुळे सगळ्यांनी धरायचं ते धरलं: विलासच्या हातून मेली, मग गुपचूप उठवून घेतली, आणि वर एकजीवीच्या बाता.

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला त्याच क्षणी सगळं कळलं असणार. आपल्या हातून ती कधी मेली नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? जूनचा तो रविवार, हिरवी माळ, सगळं जुळलं असणार. तू घास गिळलास आणि शांतपणे विचारलंस, "झालं? का अजून काही सांगाचं हाये?"

तू मला वाट करून देत होतास. मी म्हणालो, "नाही. एवढंच."

"म्हंजे फ्लॉपीतून निघाली का अक्का!" राजू ओरडला. "अन् हा फ्लॉपीशेठ!" हशा उसळला. त्या हशात तुझं नाव गेलं.

सोमवारी तू क्लासवर आलास, मशीन लावलंस, यादीत अक्काचं नाव निवडलंस. मी मागे उभा होतो. "विलास, नको," मी म्हणालो.

तुझं बोट कळीवर थांबलं. "काबरं नको? सांग."

दुसऱ्यांदा वाट दिलीस. मी म्हणालो, "उगाच. एवढी मेहनत."

"माह्या हिशोबानं ती मेली हाये," तू म्हणालास, आणि बोट दाबलंस. यादीतून नाव पुसलं गेलं. मग खोळ घातलीस, चारी कोपरे सारखे करून.

तू मला तोडलं नाहीस. हेच मला अजून समजत नाही. तू गावी गेलास, बाग सांभाळलीस, पुढे केळी खोक्यांत भरून पाठवायचं पॅकिंग केंद्र उभं केलंस. मी धुळ्याला परतून कॉम्प्युटर दुरुस्त करत राहिलो. तुझ्या लग्नात मी वाढपी होतो, माझ्या लग्नाला तू ट्रॅक्टरभर केळीचे खांब पाठवलेस मांडवाला. घरी जुनं मशीन घेतलंस तेव्हा फोन आला, "धुळेकर, अक्का चढून राह्यली परत." दर वेळी पायथ्यापासून, एकजीवी. कधी जंगलात मेली, कधी अगदी माथ्याशी. दर वेळी तू फोन करून सांगायचास, कशी मेली ते, आणि आपण भांडायचो. पण पुन्हा ती आग पेटल्याचा फोन कधी आला नाही. तुझा एकमेव विजय तोच होता, आणि त्याच्यावर माझी फुली होती.

तुझं 'फ्लॉपी' हे नाव मात्र टिकलं. फ्लॉपी जगातून नाहीशा झाल्या तरी टिकलं. राजूने तुझ्या पॅकिंगच्या उद्घाटनाला हारावर 'फ्लॉपीशेठ' लिहून आणलं, तू तो हार घालून फोटो काढलास. सगळ्यांत मी एकटा तुला विलास म्हणायचो. ते का, तुला कळत होतं, आणि तुला कळतंय हे मलाही कळत होतं. इतकं कळूनही मी तोंड उघडलं नाही. परत फिरण्याची बाजू आयुष्यभर मांडणारा मी, या एका जागी कधी परत फिरलो नाही.

जळगावच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटलो. बसमध्ये पारोळ्यापासून मी वाक्य जुळवत आलो होतो. वहिनी पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. "विलास, एक बोलायचंय."

तू डोळे उघडलेस. आवाज पार खोल गेलेला. "आधी सांग. कुऱ्हाड का आग?"

मी हसलो. "कुऱ्हाड."

"मंग मरशीन," तू म्हणालास. "पुलावर."

पुलावर. अक्का कुठे मेली हे मी जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं. तू मला तिसऱ्यांदा वाट दिलीस, अंगात त्राण नसताना. आणि मी काय केलं? हसलो. वहिनी आत आल्या, मी त्यांच्या हातून तांब्या घेतला, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, आणि शेवटची बस चुकेल म्हणून निघालो.

आता मला लोक सांगतात, खेळच तो, त्याचं एवढं काय. हे मी ऐकून घेणार नाही. गावजत्रेत कुस्ती खोटी ठरली तर पैलवान पिढ्यान्पिढ्या तोंड लपवतो, आणि त्याला कुणी खेळच तो म्हणत नाही. तू दिलेला शब्द पाळून खेळलास. बघणारे आम्ही तिघेच होतो, बक्षीस काही नव्हतं, तरी पाळलास. माझ्या पाहण्यात याहून सरळ माणूस नाही. वय वाढलेली माणसं पोरकटपणा म्हणून ज्याच्यावर हसतात, त्या पडद्यासमोर मी तुझं मन पाहिलं, आणि माझंही.

आणि एक. तू गेलास म्हणून मी वाद सोडणार नाही. परतीची सोय चांगलीच आहे. ती होती म्हणून अक्का माथ्यावर पोचली आणि तू ती आग पाहिलीस. तुझ्या हिशोबाने ती मेली होती, माझ्या हिशोबाने तू जिंकलास. कुऱ्हाडीबद्दलही माझं मत तेच आहे. ये आणि खोडून काढ.

तुझ्या दिवसकार्यात, गंधमुक्तीच्या दिवशी, अंगणात मांडव होता. तुझा फोटो, हार, समोर गावची माणसं. एकेक जण उठून बोलत होता. शेवटी राजू उठला. त्याने रडत रडत फ्लॉपीची गोष्ट सांगितली: डोंगर, म्हातारी, भरीत, फ्लॉपी. चांगली सांगतो तो. रडणारी माणसं हसायला लागली. तुझी लेक पूजाही हसली, डोळे पुसत. "म्हणून बाबांना फ्लॉपी म्हणतात होय," ती म्हणाली. "मी किती वेळा विचारलं, त्यांनी कधीच सांगितलं नाही."

तू तिलाही सांगितलं नव्हतंस. स्वतःच्या लेकीपुढेसुद्धा मला उघडं पाडलं नाहीस. आणि ती आता तीच गोष्ट पुढे तिच्या मुलांना सांगणार होती, हसत, की तुमचे आजोबा लबाडी करून जिंकले.

मी उठलो. "ही गोष्ट खोटी आहे," मी म्हणालो. "अर्धी आहे, म्हणून खोटी आहे."

तुझे काका म्हणाले, "भाऊ, खेळातली गोष्ट हाये, राहू द्या. पंगत खोळंबली."

"खोळंबू द्या."

मांडवात कुजबुज झाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून नानांचा आवाज आला. आता त्यांना नीट दिसत नाही. "कोनती गोष्ट? ते डोंगरावरच्या म्हातारीची?"

"हो, नाना."

"बोलू द्या त्याले."

मी सगळं सांगितलं. तुझं जाणं, माझं बसणं, पूल, फ्लॉपी, हिरवी माळ. भरीत पार्टीत मी काय बोललो आणि काय गिळलं. पूजाकडे बघून सांगितलं, तुझ्या बाबांच्या हातून ती एकदाही पडली नव्हती. त्यांनी मला तीनदा वाट दिली आणि मी तिन्ही वेळा पाठ फिरवली. राजूला म्हणालो, आजपासून हे नाव कुणी घेतलं तर ते मला लागेल, माझंच आहे ते. राजूने मान खाली घातली.

मग मी तुझ्या फोटोकडे वळलो. एवढ्या लोकांत मला प्रमाण भाषा सुचेना. ज्या बोलीत मी अर्धं बोललो होतो, त्याच बोलीत उरलेलं अर्धं निघालं.

"विलास, मना भाऊ, तुनी अक्का तुना हातथीन नही मरनी. मी मारी. माले माफ कर."